कयाक पळत नाहीये, वजनामुळेच का? आधी हे तपासा

मार्च उजाडला की हा प्रश्न येतोच. कधी फोनवर, कधी पवना धरणाच्या काठावर टेंट लावता लावता, शब्द तेवढे बदलतात. "माझं वजन ९२, बायकोचं ५६, दोघांच्या कयाक सेम टू सेम, ती आरामात पुढे निघून जाते आणि मी मागे घाम गाळतोय, वजनामुळेच ना?" मग पुढचा प्रश्न ठरलेला, किती किलो कमी केलं तर फरक पडेल. आणि तिसरा, जो जरा डेंजर आहे, लाइफ जॅकेट काढून ठेवलं तर? याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. जॅकेट किलोच्या आतबाहेर असतं, ते काढून घड्याळात दिसेल इतकाही स्पीड वाढत नाही, घाला गपचूप.

बाकीचं उत्तर जरा लांब आहे. वजनाने स्पीड कमी होतो हे खरं, पण लोकांना वाटतो तेवढा होत नाही. मी आत्तापर्यंत ज्यांच्या ज्यांच्या कयाक बघितल्या त्यातल्या बहुतेकांचा घोळ वजन किती यापेक्षा वजन ठेवलंय कुठे यात निघाला, आणि जे उरले त्यांच्या घोळाचा वजनाशी काही संबंधच नव्हता. मी स्वतः ९४ किलोचा आहे, त्यामुळे हे बारीक माणसाचं ज्ञान समजू नका.

मला हे कळलं ते मालवणजवळच्या देवबागला. कर्लीच्या खाडीत आम्ही भाड्याची टँडेम, म्हणजे दोघांची कयाक घेतली होती, पुढे बायको, मागे मी, आणि माझ्या पाठीमागच्या खड्ड्यात आइसबॉक्स, त्यात बर्फ, पाणी, कोल्ड्रिंक, सोलकढीची बाटली, सगळं मिळून पंधरा किलो तरी असेल. निघाल्यापासून कयाक नागमोडी. डावीकडे वल्हं मारलं की तोंड उजवीकडे, उजवीकडे मारलं की डावीकडे, आणि मागे पाणी खळखळतंय जणू कोणी दोरी बांधून धरलंय. आमच्या मागून निघालेली दोन कॉलेजची पोरं हसत हसत पुढे गेली. जेटीवर जाळं निसत बसलेले एक काका बघत होते, ते म्हणाले, "झिला, नाळ बघ तुझी, आभाळाक टेकली हा." मी वळून बघितलं तर खरंच, नाळ म्हणजे पुढचं टोक पाण्याच्या चांगलं वीतभर वर, आणि माझ्या मागची कड जवळजवळ पाण्याला टेकलेली. त्यांनी आइसबॉक्स उचलून बायकोच्या पायांच्या पुढे ठेवायला लावला, बस्स. एकूण वजन तेवढंच. एक किलो कमी झालं नाही. पण त्यानंतर ती होडी सरळ चालली आणि त्या पोरांना आम्ही संगमाच्या अलीकडे गाठलं (पोरं फोटो काढत थांबली होती, ते सोडा).

कोकणातल्या गलबतवाल्यांकडे याला शब्द आहे, नीरम. रिकाम्या जहाजाला तोल यावा म्हणून तळात दगड-वाळू भरायची ते नीरम. म्हणजे वजन कुठे घालायचं याचा विचार पूर्वीपासून चालत आलाय, आपणच आइसबॉक्स पाठीमागे टाकून देतो कारण खड्डा तिथे दिलेला असतो.

आता हिशोब. कंटाळा आला तर पुढच्या भागावर उडी मारा, पण एकदा वाचाल तर वजनाची भीती जाईल.

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, शाळेतला आर्किमिडीज. धरणाच्या गोड्या पाण्यात १० किलो वाढले म्हणजे १० लिटर पाणी जास्त सारायचं. साधारण १२ फुटी सिट-ऑन-टॉप (म्हणजे आत न शिरता वर बसायची) कयाक, रुंदी ७५ सेंटीमीटर, पाण्याच्या रेषेवर तिचा आडवा छेद घेतला तर पावणेदोन-दोन चौरस मीटर भरतो. त्यावर १० लिटर पसरा. अर्धा सेंटीमीटर. म्हणजे तुम्ही १० किलोने जाड झालात तर होडी करंगळीच्या नखाच्या अर्ध्याइतकी खाली जाते, आणि तेवढी पट्टी दोन्ही बाजूंनी जास्त भिजते. भिजलेला पृष्ठभाग एकूण सव्वादोन चौरस मीटरच्या आसपास, त्यात वाढ होते दोन टक्क्यांची वगैरे. आपण फिरायला जातो त्या ताशी ५-६ किलोमीटरच्या स्पीडला जो विरोध असतो त्यातला मोठा भाग या भिजलेल्या पृष्ठभागाच्या घर्षणाचा असतो. आणि घर्षणाला लागणारी ताकद स्पीडच्या घनाने वाढते, त्यामुळे उलटं बघितलं तर तेवढ्याच ताकदीत तुमचा स्पीड घटतो एक टक्क्याच्या आसपास, कधी त्याहून कमी. दहा किलोला एक टक्का. ताशी ६ किलोमीटरने १० किलोमीटर जायचे असतील तर १०० मिनिटांऐवजी १०१. तेवढा वेळ चिक्कीचं पाकीट फोडण्यात जातो.

मग स्पीड वाढवायला काय लागतं तेही बघा त्याच गणिताने. ६ वरून ७ वर जायचं असेल तर नुसत्या घर्षणासाठी दीडपटीहून जास्त ताकद लागते, ५९ टक्के जास्त. म्हणून "थोडंसं जास्त जोर लावतो" म्हणणारा माणूस अर्ध्या तासात गळपटतो आणि दोष वजनाला देतो.

मला यावर विश्वास बसत नव्हता म्हणून पवनेला करून बघितलं. सकाळी सातला, वारा नसताना, समोर तुंग किल्ला आरशात बघितल्यासारखा पाण्यात दिसत होता. काठावरचं एक वठलेलं झाड आणि आमचा निळा टेंट यामध्ये जीपीएसवर ५०० मीटर मोजले. जाऊन-येऊन दोन्ही वेळा वेळ लावली, म्हणजे जी काही वाऱ्याची झुळूक असेल ती फिटून जाते, आणि घड्याळात हार्ट रेट १३० च्या आसपास ठेवायचा असं ठरवलं, नाहीतर माणूस नकळत जास्त जोर मारतो. रिकाम्या होडीने पाच मिनिटांच्या जरा वर. मग २० लिटरचे दोन जार, ते ऑफिसात असतात ना पाण्याचे, ते भरून एक माझ्या पायांपाशी आणि एक सीटच्या लगेच मागे बांधला. ४० किलो जादा! वेळ वाढली बारा-पंधरा सेकंद. मला वाटलं घड्याळ बिघडलं. मग दोन्ही जार अगदी मागच्या खड्ड्यात बांधले, तेच ४० किलो, आणि वेळ वाढली जवळजवळ पाऊण मिनिट, शिवाय सरळ ठेवता ठेवता खांदे भरून आले. ही काही लॅब टेस्ट नाही, माझी एकट्याची आहे, पण जार घरी असतील तर तुम्हीही करून बघा.

मागे वजन गेल्यावर इतकं का बिघडतं, तर पुढचं टोक वर उचललं गेलं की पाण्यातली लांबी कमी होते. १२ फुटीची साडेदहा फुटी होते समजा. होडी जेवढी लांब पाण्यात तेवढी तिची लाट लांब आणि तेवढा तिचा सहज स्पीड जास्त, याचा जुना ठोकताळा आहे, पाण्यातली लांबी फुटात घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा, उत्तर नॉट्समध्ये. ११ फुटाला येतं साधारण साडेचार नॉट्स, म्हणजे ताशी सव्वाआठ किलोमीटर. ती काही भिंत नाहीये, ऑलिंपिकची के-वन, म्हणजे एकट्याची रेसिंग कयाक ५.२० मीटर लांब असते आणि हा ठोकताळा तिला ताशी दहाच्या आसपास देतो, तरी ते लोक हजार मीटर साडेतीन मिनिटांच्या आत मारतात, म्हणजे ताशी सतराच्या वर. पण त्या होड्या सुरीसारख्या अरुंद आणि ते लोक राक्षस. आपल्या रुंद प्लॅस्टिकच्या होडीला ती भिंतच समजा. त्यात मागचं बूड खाली रुतलं की त्याच्यामागे पाणी भोवरे घालत ओढलं जातं, ती खळखळ ऐकू येते ना, ती तुमची ताकद वाया जातेय. आणि पुढचं टोक हवेत म्हणजे त्याला धरायला पाणी नाही, म्हणून दर वल्ह्याला ते डोलतं.

तर पहिली टेस्ट फुकट आहे. रंगीत इलेक्ट्रिकल टेप घ्या, दहा-वीस रुपयांची. होडी रिकामी, शांत पाण्यात, पुढच्या टोकापासून दीड-दोन फुटावर आणि मागच्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर पाण्याच्या रेषेला एकेक पट्टी लावा. आता सगळं सामान भरून तुम्ही बसा आणि काठावरच्या कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. दोन्ही पट्ट्या साधारण सारख्या बुडाल्या तर ठीक. मागची चार बोटं बुडाली आणि पुढची कोरडी, तर तुमचं उत्तर मिळालं, डाएट नंतर करा, आधी सामान पुढे सरकवा. पाणी, तंबूचे खांब, शेगडी, जे जड आहे ते सीटच्या जवळ आणि खाली, हलकं फुगीर सामान टोकांना. पुढे पण अति करू नका, नाळ खाली गेली की होडी वाऱ्याकडे तोंड वळवत राहते आणि लाटेवरून उतरताना नाक खुपसते, ते जास्त वाईट. मागे जड असेल तर उलट, तोंड वाऱ्याबरोबर पडतं. म्हणजे होडी वाऱ्यात कुठे वळते यावरूनसुद्धा पारख होते, टेप नसली तरी.

टँडेममध्ये जड माणूस मागे बसतो हा नियम सगळे सांगतात आणि तो बरोबरच आहे, कारण मागचा सुकाणू सांभाळतो. पण दोघांच्या वजनात तीस-चाळीस किलोचा फरक असेल तर सगळं सामान पुढे गेलं पाहिजे, हे मात्र कोणी सांगत नाही. आणि टँडेम एकट्याने चालवायची असेल तर मागच्या सीटवर बसू नका हो. मधली सीट लावता येत असेल तर मध्ये, नसेल तर पुढच्या टोकात पाण्याचे कॅन.

आता मावसभावाची गोष्ट. हा पठ्ठ्या तीन महिने भात सोडून, संध्याकाळी टेकडी चढून सात किलो उतरला, फक्त कयाकसाठी. गेल्या वर्षी मे महिन्यात आला पवनेला, बसला, आणि स्पीड पहिल्यापेक्षा कमी! तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी म्हटलं थांब, होडी बाहेर काढ. दोघांनी उचलली तर नेहमीपेक्षा जड लागली आणि एका बाजूला कलवली की आतून "डुबुक" आवाज. मागचा ड्रेन प्लग, म्हणजे आतलं पाणी काढायचं बूच, काढून शेपूट खाली केली, पाणी यायला लागलं ते थांबेचना, खाली बादली धरली तर ती भरून वाहिली. सात किलो घालवले आणि पंधराएक किलो पाणी आत घेऊन फिरत होता.

पोटात शिरलेलं पाणी हा सगळ्यात हलकट प्रकार, कारण ते तुमच्यासारखं एका जागी बसत नाही. लाटेवर नाळ वर गेली की सगळं पाणी मागे पळतं, खाली आली की पुढे, कलंडलात की त्याच बाजूला जमा होऊन अजून कलंडवतं. चाळीस किलोचा बांधलेला जार परवडला पण पंधरा लिटर मोकळं पाणी नको. त्यामुळे पाण्यातून बाहेर आलात की दर वेळी प्लग काढून तिरकी करायची सवय लावा, कपभर पाणी निघालं तर चालतं, तेवढं झाकणातून शिरतंच. तांब्याभर किंवा जास्त निघालं तर गळती शोधा.

गळती शोधायला होडी दोन खुर्च्यांवर ठेवून आत पाच-दहा लिटर पाणी ओता आणि खालून सुका हात फिरवा, जिथे ओला झाला तिथे खडूने गोल करा. पहिला संशय ड्रेन प्लगच्या रबरी वायसरवर, ते उन्हात कडक होतं, पाच-दहा रुपयात नळाच्या दुकानात मिळून जातं. दुसरा संशय स्कपर होल्सवर, म्हणजे सीटच्या खड्ड्यातून आरपार जी भोकं असतात त्यांच्या कडांवर. आपण होडी वाळूवरून, मुरमावरून फरफटत नेतो ना, मागचा भाग घासून घासून तिथे पातळ होतो आणि केसासारखी चीर पडते, ती दिसत नाही पण माणूस बसला की उघडते. मावसभावाची तीच होती. त्यावर इपॉक्सीची पुटी लावू नका, मी लावली होती, दोन ट्रिपमध्ये खपलीसारखी निघून आली, कारण या होड्या पॉलिइथिलीनच्या असतात आणि त्याला गोंद, इपॉक्सी काहीच नीट धरत नाही. प्लॅस्टिक वेल्डिंगवाला शोधा, पाण्याच्या टाक्या दुरुस्त करणारे असतात त्यांच्याकडे गरम हवेचं मशीन असतं, त्याच प्रकारच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून भरतात, ते टिकतं.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर स्पीड मोजताय कुठे ते बघा. जीपीएस जमिनीवरचा स्पीड दाखवतं, पाण्यातला नाही. खाडीत ओहोटीबरोबर समुद्राकडे निघालात, घड्याळ म्हणतंय साडेसात, वा वा, आणि येताना त्याच ओहोटीविरुद्ध साडेतीन, आता तुम्ही थकलायत, जेवलायत, आणि वाटतंय की जेवणाच्या वजनाने झालं. पाणी ताशी दोन किलोमीटरने वाहत होतं, तुम्ही दोन्ही वेळा साडेपाचनेच चालला होतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, हे जास्त, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, कमी. आमच्या देवबागच्या काकांना तिथी विचारली की पाण्याचं सगळं सांगतात, ॲप उघडायची गरज नाही. खाडीतला स्पीड मोजायचा तर पाणी थांबतं तेव्हा मोजा, नाहीतर जाऊन-येऊन सरासरी काढा.

वारा तसाच. किनाऱ्यावर सकाळी मतलई वारं जमिनीकडून, दुपारनंतर खारं वारं समुद्राकडून. धरणावरही उन्हाळ्यात दुपारी बारा-एकनंतर पश्चिमेचं वारं सुटतं आणि पवनेला तर पाण्यावर सुरकुत्या दिसायला लागल्या की मी काठाला लागतो. समोरून वारा असताना स्पीड ताशी एक-दीड किलोमीटरने पडणं काही विशेष नाही. दहा किलो वजनाचा एक टक्का कुठे आणि हे कुठे.

उथळ पाणी. हे फार कमी लोकांना माहीत आहे म्हणून जरा थांबतो. पाणी उथळ असलं की लाटेचा स्पीड खोलीवर बांधला जातो, आणि होडी त्या स्पीडच्या जवळ गेली की तिच्या मागे मोठी लाट उभी राहते, ती तुम्हाला धरूनच ठेवते. ३० सेंटीमीटर खोलीला ती मर्यादा येते ताशी ६ किलोमीटरच्या आसपास, अर्धा मीटरला ८, एक मीटरला ११. म्हणजे गुडघ्याखाली पाण्यात तुम्ही फिरायच्या स्पीडलाच तिथे धडकता. वजनाने दोन सेंटीमीटर जास्त बुडालेली होडी तिथे अजून त्रास देते, ते खरं, पण उपाय वजन घटवणं नाही, चार वल्ही मारून खोल पाण्यात जा. पवनेत वाघेश्वराचं देऊळ पाण्यातून बाहेर येतं त्या दिवसांत काठाकाठाने चालणाऱ्यांना हे हमखास होतं, होडी एकदम चिखलात गेल्यासारखी वाटते आणि मागे बघितलं तर काठावर आपलीच लाट फुटत येत असते. ती लाट दिसली की समजायचं.

तळ पण बघा एकदा. खाडीत नांगरून ठेवलेल्या होडीला महिन्याभरात बुळबुळीत शेवाळ धरतं, खडबडीतपणा थेट घर्षणात जातो. शहराजवळच्या नद्या-तलावांत जलपर्णीचा एक झुपका होडीच्या बुडाच्या मागच्या पात्यात अडकला तर अख्खी ट्रिप ओढत नेता. आणि हसू नका, पण वल्हं उलटं धरलेलं मी दर सीझनला बघतो, पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे हवी, फुगीर बाजू पुढे. भाड्याच्या ठिकाणी हे कोणी सांगत नाही.

आता प्रामाणिकपणे, वजन खरंच कधी नडतं.

एक, सुरुवातीला आणि दर वेळी थांबून निघताना. होडी, तुम्ही, सामान, सगळं मिळून १३० किलो असेल तर तेवढं ढकलून स्पीडला आणायचं, १७० असेल तर तीसेक टक्के जास्त मेहनत, प्रत्येक वेळी. सलग चालणाऱ्याला हे एकदाच पडतं. पक्षी बघत, फोटो काढत दर शंभर मीटरला थांबणाऱ्याला दिवसभर पडतं, आणि संध्याकाळी तो म्हणतो कयाक जड आहे. त्याने थांबूच नये असं नाही, पण पूर्ण थांबायच्या ऐवजी हळू सरकत ठेवली तरी बरंच वाचतं. रेसवाले म्हणूनच वजनाला जपतात, सुरुवातच महत्त्वाची. त्यातही होडीचं वजन नियमात बांधलेलं आहे, ऑलिंपिकच्या के-वनला १२ किलोच्या खाली जाताच येत नाही. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांची के-वन १००० मीटर जिंकणारा चेक प्रजासत्ताकाचा योसेफ दोस्ताल हा काही सडपातळ पोरगा नाही, चांगला धिप्पाड गडी आहे. अंगात ताकद असेल तर तिच्याबरोबर येणारं वजन पाण्यावर खपून जातं, चढावर सायकल चालवताना खपत नाही.

दोन, जोरात जाताना. वर सांगितलेला एक टक्का हा आरामाच्या स्पीडचा. होडीच्या मर्यादेजवळ, ताशी सात-आठला, लाट उभी करण्याचा खर्च घर्षणावर मात करतो आणि जड होडी मोठी लाट उभी करते. तिथे प्रत्येक किलो महाग. पण खरं सांगा, तुम्ही किती वेळ आठने जाता?

तीन, आणि हेच महत्त्वाचं, क्षमतेच्या बाहेर गेल्यावर. होडीवर लिहिलेली कमाल क्षमता म्हणजे "यावर बुडेल" च्या जवळची रेघ, "इथपर्यंत छान चालेल" ची नाही. १५० किलो लिहिलं असेल तर माणूस अधिक सामान १०० पर्यंत ठेवावं, दोन तृतीयांश, असा माझा आणि बऱ्याच जणांचा हिशोब. त्याच्या वर गेलात की सिट-ऑन-टॉपमध्ये स्कपर होल्समधून पाणी उलटं वर येतं आणि तुम्ही डबक्यात बसून वल्हवता. भोकांना बुचं मारतात लोक, पण मग वरून आलेलं पाणीही जात नाही, तो उपाय नव्हे. सीटमध्ये कायम घोट्याएवढं पाणी, कड पाण्यापासून चार बोटांवर, आणि टेपच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच खोल गेलेल्या, ही तीन लक्षणं एकत्र दिसली तर हो, वजनच आहे. तेव्हा सामान घरी ठेवा नाहीतर मोठी होडी घ्या. मोठी म्हणजे लांब, नुसती रुंद नको. रुंद घेतली की बुडत नाही पण चालतही नाही.

उलटा केस पण होतो. एक मैत्रीण आहे, ४७ किलो, तिने १३ फुटी मासेमारीवाली कयाक घेतली, स्वस्त मिळाली म्हणून. ती पाण्यावर पानासारखी, अर्धी होडी हवेत, जरा वारा आला की तोंड फिरवून बसायची आणि ती बिचारी एकाच बाजूने वल्हवत राहायची. तिला मी वजन *वाढवायला* सांगितलं. तिला आधी चेष्टा वाटली. दहा लिटरचे दोन कॅन, एक पायांपुढे, एक सीटमागे, पट्ट्याने करकचून. होडी नीट बसली, वारा कमी पकडायला लागली, आणि तिचं पवनेच्या एका टोकापासून दुसऱ्याला जाणं पहिल्यांदा सरळ रेषेत झालं. नीरमच की.

मावसभावाचं विचाराल तर वेल्डिंग करून घेतलं, सामान पुढे सरकवलं, आता ठीक चालतो. सात किलोपैकी पाच गणपतीच्या मोदकांत परत आले. स्पीडमध्ये फरक त्यालाही सांगता येत नाहीये, मलाही नाही.